आचंद्रार्क ते ४७ दिवस

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघालो की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची पायवाट लागते. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी यांची त्यात मोजदाद आहे. कोकणच्या बंदरांतून जुन्नरकडे चढणाऱ्या वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोरलेला हा शब्द गुपचूप बदलणे कोणालाही शक्य नव्हते. पण दगड जागचा हलत नाही. शब्दाला प्रवासाला पाठवायचे झाले, की तो खरोखर त्याच धन्याचा आहे का आणि वाटेत कोणी त्यात हात घातला नाही ना, हे दोन प्रश्न उभे राहतात. मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडताना पत्त्याआधी जे ‘एचटीटीपीएस’ लागते, ते याच दोन प्रश्नांचे आजचे उत्तर आहे. तिसरे काम, मजकूर झाकण्याचे, तेही ते करते; पण आपण आज पहिल्या दोहोंचा माग घेऊ.

सातवाहनांनंतर कित्येक शतकांनी ठाण्यात, म्हणजे तेव्हाच्या स्थानकात, उत्तर कोकणच्या शिलाहारांची सत्ता आली. त्यांच्यापैकी अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा ताम्रपट १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना सापडला. ताम्रपटाची रचना मोठ्या विचाराने केलेली असे. पत्र्यांना भोक पाडून त्यातून कडी ओवायची आणि कडीची टोके राजमुद्रेत जोडून टाकायची. मधला पत्रा बदलायचा तर कडी तोडावी लागणार, आणि तोडलेली कडी लपत नाही. अशा दानपत्रांत मुदतीसाठी एकच शब्द येई: आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा इतिहास तो हळूहळू आखडत गेल्याचा आहे.

कागद आला आणि काम अवघड झाले, कारण कागद फाडता येतो, जोडता येतो, त्याच्या तळाशी दोन ओळी वाढवता येतात. १६३६ मध्ये शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावर शहाजीराजांना निजामशाहीचा डाव सोडून द्यावा लागला. त्यानंतर दहा वर्षांनी, २८ जानेवारी १६४६ च्या रांझ्याच्या पाटलासंबंधीच्या पत्रावर आपल्याला शिवरायांची अष्टकोनी मुद्रा दिसते, प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी असे स्वतःचे वर्णन करणारी. ती माथ्यावर असे. मजकूर संपला की खाली दुसरा, लहान शिक्का उमटे: येथे मर्यादा झाली, असे सांगणारा मोर्तब. त्याच्या खाली लिहिलेले काहीही हुकमाचा भाग नाही. पहिला शिक्का सांगे कोणाचे, दुसरा सांगे किती. आपण रोज सहज वापरतो तो ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द या जोडीतून आला. माझ्या मते आपल्या दफ्तरी परंपरेतली ही सर्वांत हुशार गोष्ट होती, आणि तिच्या जोडीला आणखी एक होती: पत्र निघण्याआधी त्याची नोंद दफ्तरात होई आणि तसा शेरा पत्रावर पडे. खोटा शिक्का मारणाऱ्याला दफ्तरातली नोंद कोठून आणता येणार? गावपातळीवर हीच खात्री महजर, म्हणजे गावसभेचे निवाडापत्र, देई. त्यावर पाटलाची नांगराची निशाणी आणि बलुतेदारांच्या आपापल्या अवजारांच्या निशाण्या असत. एकाचा शब्द दहांनी पाठीशी धरलेला. इंग्रजी अमलात, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला सनदा तपासण्याचे अधिकार मिळाले आणि कित्येक घराण्यांचे आचंद्रार्क तिथेच संपले.

यानंतर आपण एकदम विसाव्या शतकात येऊ. १९७० मध्ये ब्रिटनच्या गुप्त संदेश खात्यातील जेम्स एलिस यांना सुचले, की कुलूप लावण्याची चावी जगजाहीर आणि उघडण्याची मात्र खाजगी, अशी व्यवस्था होऊ शकते. १९७३ मध्ये त्याच खात्यातील क्लिफर्ड कॉक्स यांनी तिचे गणित बसवले. दोघांची कामगिरी १९९७ पर्यंत गुप्त राहिली. तोवर १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी, आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर, अ‍ॅडलमन यांनी ती वाट स्वतंत्रपणे शोधली होती. पण जाहीर चावी खरेच त्याच माणसाची कशावरून? दरवेळी सार्वजनिक यादीत पाहत बसण्यापेक्षा यादी राखणाऱ्यानेच नाव आणि चावी एकत्र लिहून त्यावर आपली सही करावी, असे १९७८ मध्ये लोरेन कोनफेल्डर या एमआयटीतील विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात मांडले आणि त्या कागदाला नाव दिले सर्टिफिकेट. म्हणजे सनदच ती. १९८८ मध्ये एक्स ५०९ या मानकाने तिचा नमुना ठरला, १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने एसएसएल या एचटीटीपीएसमागच्या व्यवस्थेतून ती ब्राउझरमध्ये आणली, आणि १९९९ मध्ये त्याच व्यवस्थेचे टीएलएस असे नामांतर झाले.

सनद आली की बनावट सनदही येते. १७७६ मध्ये सदाशिवरावभाऊंच्या तोतयामागे कोकणात फौज उभी राहिली होती, कारण तो खरा की खोटा हे ठरवणारी नोंद लोकांच्या हाती नव्हती. २०११ मध्ये डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या डच संस्थेत शिरून कोणीतरी गुगलच्या नावाची प्रमाणपत्रे काढली, संस्था बुडाली. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र व्यवस्थेतून गुगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि ती रद्द करावी लागली. त्या काळात याला उपाय म्हणून जे रूढ झाले ते जुन्या दफ्तराच्या शेऱ्यासारखेच आहे: दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सर्वांना पाहता येईल अशा नोंदवहीत चढवायचे. २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशी नोंद नसलेले नवे प्रमाणपत्र मानत नाही.

त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. शहापूर-मुरबाडकडे धरणे, रेल्वे आणि अलीकडे समृद्धी महामार्ग यांमुळे जमिनीचा कागद हा घराघरातला विषय आहे. किन्हवलीचा किंवा टोकावड्याचा शेतकरी १५ रुपये भरून उतारा उतरवून घेतो, तेव्हा दोन मोर्तबे एकापाठोपाठ काम करतात: संकेतस्थळाचे प्रमाणपत्र दार खरे असल्याचे सांगते, आणि उताऱ्यावरची डिजिटल सही व पडताळणी क्रमांक कागद खरा असल्याचे.

संकेतस्थळ उभारणाऱ्याला आज हे मोर्तब मिळवायला पैसेही लागत नाहीत. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांना खुली झाली. आपल्या सर्व्हरवर चावीची जोडी तयार करायची, खाजगी चावी तिथून हलवायची नाही, विनंती पाठवायची, आणि पत्ता आपल्याच ताब्यात आहे हे दाखवण्यासाठी सांगितलेली खूण त्या पत्त्यावर ठेवायची. प्रमाणपत्र आले की ते, त्याला ब्राउझरच्या विश्वासातल्या मूळ प्रमाणपत्राशी जोडणाऱ्या मधल्या दुव्याच्या प्रमाणपत्रासह बसवायचे. हा मधला दुवा राहून जातो, आणि मग कार्यालयातल्या संगणकावर नीट उघडणारे पान गावातल्या मोबाइलवर धोक्याची पाटी दाखवते. शेवटी साधा एचटीटीपीचा जुना दरवाजा नव्याकडे वळवायचा.

राहिला मुदतीचा प्रश्न. एकेकाळी पाच वर्षांची प्रमाणपत्रे मिळत. २०१८ मध्ये मर्यादा ८२५ दिवसांवर आली, २०२० मध्ये ३९८ वर. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने ती २०० आणि १०० दिवसांच्या टप्प्यांनी खाली आणण्याचे ठरवले. चोरीला गेलेला शिक्का जितका लवकर बाद होईल तितके बरे, हा त्यामागचा विचार मला पटतो. हाताने नूतनीकरण करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने, पतपेढीने आणि शाळेने ते काम आत्ताच यंत्रावर सोपवावे. १५ मार्च २०२९ पासून नव्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवस असेल.