पित्याचे घर, मुलीचा वाटा

कोरेगावात पित्याचे घर विकावयाचे ठरले की प्रथम बहिणींकडे हक्कसोडपत्राची मागणी होते. कायदा असे काही मागत नाही. सातारचे राज्य 1848 साली खालसा झाले. पुढे 1865 च्या भारतीय वारसा कायद्याने मृत्युपत्राविना वारलेल्या ख्रिस्ती पित्याच्या विधवेस एक तृतीयांश व उरलेले मुलामुलींस समसमान दिले. 1925 च्या कायद्यातही तेच राहिले. त्रावणकोरात मात्र 1916 च्या कायद्यान्वये मुलीस भावाच्या वाट्याचा चतुर्थांश किंवा 5000 रुपये, यांतील जे कमी ते! मेरी रॉय त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या व 1986 साली जिंकल्या. आमच्या भगिनींना जे न झुंजता लाभले, ते चहाच्या पेल्याबरोबर घेतलेल्या एका सहीने जाते. वास्तविक खरेदीखतात त्या ‘संमती देणार’ नव्हेत, ‘लिहून देणार’ आहेत. किमतीत वाटेकरी आहेत.