तिरस्कृताचे गीत, तिरस्कृतेचा कंठ

१/ १३ एप्रिल १७४२. डब्लिनच्या फिशॅम्बल स्ट्रीटवरील संगीतगृहात सुमारे ७०० श्रोते दाटीवाटीने बसले होते. जागा पुरावी म्हणून स्त्रियांनी घेरदार झग्यांखालचे सांगाडे व पुरुषांनी तलवारी घरीच ठेवाव्यात, अशी विनंती आधीच करण्यात आली होती. हेंडेलच्या ‘मसाया’ या ओरेटोरिओचा हा पहिला प्रयोग.

२/ ओरेटोरिओ म्हणजे बहुधा धर्मविषयावरील दीर्घ संगीतरचना. तीत ऑपेरासारखी वेशभूषा वा अभिनय नसतो. ‘मसाया’ची संहिता चार्ल्स जेनन्स यांनी बायबलमधील वचने निवडून सिद्ध केली. दुसऱ्या भागातील ‘ही वॉज डिस्पाइज्ड’ हे एकलगान यशयाच्या ग्रंथावर आधारलेले असून, समाजाने झिडकारलेल्या पुरुषाच्या यातना सांगते.

३/ ते गाणारी सुझॅना सिबर स्वतः झिडकारली गेलेली होती. लंडनच्या या अभिनेत्रीच्या पतीने, थिओफिलस सिबरने, १७३८ मध्ये तिच्या प्रियकरावर, विल्यम स्लोपरवर, ५,००० पौंडांचा दावा लावला. या संबंधांना पतीचीच संमती होती, असे खटल्यात उघड झाले. ज्यूरीने त्याला अवघे १० पौंड दिले.

४/ १७३९ मधील दुसऱ्या दाव्यात त्याला ५०० पौंड मिळाले. खटल्याचे छापील वृत्तान्त मात्र चवीने वाचले गेले आणि बदनामी तिच्या वाट्याला आली. लंडनची रंगभूमी तिला दुरावली. १७४१ च्या अखेरीस ती डब्लिनला आली.

५/ तिचा आवाज लहान होता. तिचे सामर्थ्य शब्दांतील भाव पोहोचवण्यात होते. हे गानही संथ आहे. वाद्ये मधूनच थांबतात आणि कंठ एकाकी उरतो. मधल्या भागात तंतुवाद्यांतून जणू प्रहार उमटतात; मग पहिला भाग परततो.

६/ ते ऐकून धर्मोपदेशक पॅट्रिक डिलेनी यांनी, या गायनासाठी तिची सर्व पापे क्षम्य होवोत, असे उद्गार काढल्याची आख्यायिका आहे.

७/ प्रयोगाचे सुमारे ४०० पौंडांचे उत्पन्न दोन रुग्णालये आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी होते. १४२ कैदी सुटले.

८/ सुझॅना पुढे लंडनला परतली, थोर शोकनायिका ठरली आणि १७६६ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत तिचे दफन झाले. त्या आख्यायिकेत क्षमा तिला मिळते; पत्नीच्या अब्रूचे पैसे मागणाऱ्या पतीच्या पापाचा मात्र तीत उल्लेखही नाही.