आयटीसी लिमिटेड : पर्यावरणीय जबाबदारी

सिगारेट, पीठ, बिस्किटे, साबण, वह्या आणि कागद-पुठ्ठा बनवणाऱ्या कोलकात्याच्या आयटीसी लिमिटेड या कंपनीने पाणी, कार्बन आणि घनकचरा यांचा हिशेब धंद्याच्या हिशेबात कसा आणला आणि तो कुठवर पोचला, याची ही नोंद. ग्राहकोपयोगी मालाच्या भारतीय कंपन्यांत इतका जुना व सलग प्रयोग क्वचितच सापडतो. पुढील बरीचशी आकडेवारी कंपनीच्या अहवालांतली आहे. तिची बाहेरच्या संस्थांकडून पडताळणी होते, पण कोणत्या दाव्याला काय नाव द्यायचे ते कंपनी ठरवते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

२४ ऑगस्ट १९१० रोजी इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया या नावाने ही कंपनी कोलकात्यात स्थापन झाली. पहिली कचेरी राधाबाजार लेनमध्ये भाड्याच्या जागेत होती. १९२६ मध्ये चौरंगी रस्त्यावर ३ लाख १० हजार रुपयांना भूखंड घेऊन पुढे तिथे व्हर्जिनिया हाउस उभे राहिले. मुख्यालय आजही तिथेच आहे. १९७० मध्ये नाव इंडिया टोबॅको कंपनी झाले आणि १९७४ मध्ये त्याचे आय.टी.सी. झाले. सिगारेटपलीकडे जाण्याच्या खटपटीत १९७९ मध्ये भद्राचलम पेपरबोर्ड्स ही कंपनी उभी राहिली आणि २००२ मध्ये ती आयटीसीत विलीन झाली. आयटीसीच्या पर्यावरणधोरणाची खरी मुळे कोलकात्यातल्या कचेरीपेक्षा गोदावरीकाठच्या सारपाक येथील या गिरणीत आहेत.

कागदाला लाकूड लागते. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने कागद कारखान्यांना सरकारी जंगलातल्या स्वस्त लाकडावर विसंबून राहण्याची वाट बंद केली आणि लागणारा कच्चा माल थेट शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावा, असे सांगितले. पडीक वनजमीन भाडेपट्ट्याने मिळावी ही कागद उद्योगाची मागणी मान्य झाली नाही. मग भद्राचलमच्या संशोधन विभागाने निलगिरी, सुबाभूळ आणि सुरू या झाडांचे जोमदार वाढणारे क्लोन तयार केले व गिरणीच्या आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना त्यांची रोपे पुरवली. चारेक वर्षांत तोड मिळू लागली. कंपनीच्या सांगण्यानुसार अशा लागवडीखाली आजवर दहा लाख एकरांहून अधिक जमीन आली आहे. ही झाडे शोषतात तो कार्बन आणि कारखान्यांतून बाहेर पडतो तो कार्बन यांची वजाबाकी करून कंपनी २००५-०६ पासून स्वतःला ‘कार्बन-पॉझिटिव्ह’ म्हणवते.

इथे जरा थांबायला हवे. चार वर्षांनी झाड तोडून त्याचा लगदा होतो, कागद होतो आणि तो कागद कधीतरी जळतो किंवा कुजतो. म्हणजे शोषलेला कार्बन कायमचा जमा होत नाही. लागवडीचे एकूण क्षेत्र टिकते किंवा वाढते, तोवरच ही वजाबाकी कंपनीच्या बाजूने राहते. निलगिरीच्या एकसुरी लागवडीवर पाणी आणि जैवविविधतेच्या अंगाने जुनेच आक्षेप आहेत. सुबाभळीच्या भावावरून आंध्रातल्या शेतकऱ्यांचे कागद गिरण्यांशी वादही झाले आहेत. पुढे कंपनीने ओळींमध्ये अंतर ठेवून मधल्या पट्ट्यात पिके घेण्याची पद्धत पुढे आणली. झाडांमुळे अन्नपिकाला जमीन न उरण्याची अडचण तिने काहीशी हलकी केली, भावाची नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते : हे वनीकरण देणगीच्या खात्यावर अवलंबून नाही. लाकूड संपले तर गिरणी बंद पडेल. त्यामुळे नफा घटलेल्या वर्षीही त्याला कात्री लावणे कंपनीला परवडत नाही.

त्याच गिरणीत आणखी दोन बदल झाले. लगदा पांढरा करण्यासाठी पूर्वी क्लोरीन वायू वापरत. त्यातून डायॉक्सिनसारखी क्लोरीनयुक्त विषारी द्रव्ये सांडपाण्यात उतरतात. २००२ मध्ये भद्राचलमने मूलद्रव्यरूपी क्लोरीन वगळून क्लोरीन डायऑक्साइडवर आधारित विरंजन सुरू केले आणि पुढे ओझोनचा वापर आला. दुसरे म्हणजे, लाकूड शिजवल्यावर उरणारा लिग्निनयुक्त काळा द्राव बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज काढली जाते आणि रसायने परत मिळवली जातात. आयटीसीच्या एकूण ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा नवीकरणीय आहे, असे अहवाल सांगतात. तिच्यात पवनचक्क्या व सौर पट्ट्यांबरोबर या काळ्या द्रावाचाही मोठा हात आहे. निव्वळ बिस्किटे करणाऱ्या कंपनीला हा आकडा इतक्या सहज गाठता येणार नाही.

पाण्याबाबत २००२-०३ पासून कंपनी ‘वॉटर-पॉझिटिव्ह’ असल्याचे सांगते : कारखान्यांत जेवढे पाणी खर्च होते, त्याहून अधिक साठवणक्षमता तिने पाणलोट कामांतून निर्माण केली. बांध, शेततळी, गाळ काढलेले तलाव यांची ही बेरीज आहे. महाराष्ट्रात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीचा खाद्यपदार्थांचा कारखाना आहे आणि पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीच्या खोऱ्यात तिची पाणलोट कामे चालतात. शिरूरकडच्या दुष्काळी टापूला ती उपयोगी आहेत. मात्र साठवणक्षमता आणि प्रत्यक्ष साठलेले पाणी यांत पावसाचा प्रश्न उरतो, आणि एका खोऱ्यात उपसलेले पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या बंधाऱ्याने भरून निघत नाही. पाण्याचा ताळेबंद खोऱ्यागणिक मांडला तरच तो खरा.

घनकचऱ्याच्या बाबतीत २००७-०८ पासूनचा दावा असा की, कंपनी निर्माण करते त्याहून अधिक कचरा पुनर्चक्रित करते. त्यामागचा मोठा वाटेकरी पुन्हा कागदच आहे. तमिळनाडूतील कोवई गिरणी बाहेरून घेतलेल्या रद्दीवर चालते. त्याच सुमारास सुरू झालेली ‘वेल-बीइंग आउट ऑफ वेस्ट’ ही मोहीम घरोघरी सुका कचरा वेगळा करायला लावते आणि कचरावेचकांना त्या साखळीत घेते.

हे सारे एका छताखाली आणले ते १९९६ ते २०१७ या काळात कंपनीची सूत्रे सांभाळणाऱ्या योगेशचंद्र देवेश्वर यांनी. आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय असा तिहेरी ताळेबंद ते मांडत. पहिला शाश्वतता अहवाल २००४ चा. गुडगावच्या आयटीसी ग्रीन सेंटर या इमारतीला हरित इमारतींसाठीचे ‘लीड’ प्लॅटिनम मानांकनही त्याच वर्षी मिळाले. कोलकात्याच्या आयटीसी सोनार हॉटेलच्या नावावर कार्बन क्रेडिट मिळवल्याची नोंद आहे; १ जानेवारी २०२५ पासून हॉटेल व्यवसाय वेगळ्या कंपनीत गेला आहे.

गेल्या काही वर्षांत स्वेच्छेची जागा कायद्याने घेतली. सेबीने मोठ्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने प्लॅस्टिक वेष्टनांसाठी विस्तारित उत्पादक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत वेष्टनांचे प्रकार पाडून पुनर्चक्रणाची वर्षवार उद्दिष्टे दिली आहेत. वेफर्सच्या बहुस्तरीय पाकिटांसाठी हे उद्दिष्ट २०२४-२५ मध्ये ३० टक्के होते आणि २०२७-२८ पर्यंत ६० टक्क्यांवर जाते. हे पाकीट म्हणजे एकमेकांना चिकटवलेले वेगवेगळे थर. ते सुटे होत नाहीत, भंगारवाला त्याला भाव देत नाही आणि बराच माल शेवटी सिमेंटच्या भट्टीत जातो. २०२१-२२ मध्ये कंपनीने ५४ हजार टनांहून अधिक प्लॅस्टिक कचऱ्याची व्यवस्था लावली आणि बाजारात आणलेल्या वेष्टनांपेक्षा ते जास्त असल्याचे जाहीर केले. पाकीटच एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे करणे हा अधिक कठीण आणि अधिक खरा मार्ग. त्या दिशेची पावले अजून संथ आहेत.

कंपनीच्या नफ्याचा सर्वांत मोठा वाटा अजूनही सिगारेटचा आहे. झाडे, पाणी आणि रद्दी यांचे हिशेब कितीही चोख असले, तरी या मालाच्या वापराचे परिणाम त्यांत कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. आरोग्याचा विषय बाजूला ठेवला, तरी सिगारेटचा फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचाच असतो. तो रस्त्यावर, गटारात, हुगळीच्या घाटावर पडतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सिगारेटच्या थोटकांच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. उत्पादक जबाबदारीची उद्दिष्टे मात्र वेष्टनांपुरती आहेत. थोटूक हे वेष्टन नसल्याने ते त्या टनांच्या हिशेबात येत नाही.