मॉन्टे कार्लो पद्धत : यादृच्छिक संख्यांतून संभाव्यतेचा शोध

यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने एखादी अनिश्चित घटना कागदावर किंवा संगणकावर पुनःपुन्हा घडवून आणायची आणि निकालांच्या मोजणीवरून तिची संभाव्यता ठरवायची, या गणनरीतीस मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात. ज्या अंकमालिकेत प्रत्येक अंक येण्याची शक्यता सारखी असते आणि मागील अंकांवरून पुढच्या अंकाचा अंदाज बांधता येत नाही, ती मालिका यादृच्छिक होय.

उगम : १९४६ मध्ये आजारातून बरे होत असताना गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव मांडत असत. डाव सुटण्याची संभाव्यता सूत्राने काढणे फारच किचकट ठरले. तेव्हा शंभर डाव खेळून सुटलेले डाव मोजणे अधिक सोपे, असे त्यांच्या मनात आले. जॉन फॉन नॉयमन यांच्या साहाय्याने हीच कल्पना अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत न्यूट्रॉनांच्या प्रवासाच्या गणितास लावण्यात आली. मोनाको येथील प्रसिद्ध जुगारगृहावरून पद्धतीला नाव सुचवले ते निकोलस मेट्रोपोलिस यांनी. १९४८ मध्ये एनिॲक संगणकावर अशी गणिते झाली.

कार्यपद्धती : एक फासा चार वेळा टाकल्यास निदान एकदा सहा पडेल, ही पैज लाभाची आहे काय? सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये हा प्रश्न चर्चिला गेला. फासा न टाकताही त्याचे उत्तर शोधता येते. यादृच्छिक अंकांच्या मालिकेतून ०, ७, ८ व ९ वगळावेत, उरलेल्या अंकांचे चार-चारांचे गट पाडावेत आणि ज्या गटांत ६ आहे ते मोजावेत. अचूक उत्तर सुमारे ५१.८ टक्के आहे.

मात्र शंभर गटांच्या मोजणीत साधारण पाच टक्क्यांची चूक संभवते. म्हणजे पैज लाभाची की तोट्याची, हेही कळत नाही. दहा हजार गट घेतल्यास चूक अर्ध्या टक्क्यावर येते आणि लाभ स्पष्ट होतो. चूक दहापटीने कमी करावयाची तर प्रयोग शंभरपट करावे लागतात, हा या पद्धतीचा मूलभूत नियम आहे.

संख्यांचा स्रोत : १९२७ मध्ये एल. एच. सी. टिपेट यांनी ४१,६०० यादृच्छिक अंकांचा तक्ता प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये रँड संस्थेने दहा लाख अंकांचे पुस्तक काढले. संगणक मात्र बहुधा सूत्राने संख्या निर्माण करतो. आरंभीची संख्या, म्हणजे ‘बीज’, तीच ठेवल्यास मालिकाही तीच येते. गणित पडताळण्यास हा गुण उपकारक ठरतो; परंतु सोडत किंवा गुप्तसंकेत यांसाठी तो घातक आहे.

अशा संख्या वरवर विस्कळीत दिसल्या तरी त्यांत सुप्त शिस्त असू शकते. १९६० च्या दशकात सर्रास वापरले गेलेले ‘रँडू’ हे सूत्र त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या लागोपाठच्या तीन-तीन संख्या घनातील बिंदू म्हणून मांडल्या असता ते बिंदू घनभर न विखुरता अवघ्या १५ समांतर प्रतलांवर पडतात. परिणामी त्यावर आधारलेली कित्येक गणिते संशयास्पद ठरली.

मर्यादा : प्रयोगांची संख्या वाढविल्याने सदोष संख्यास्रोत सुधारत नाही, की चुकीचे गृहीतक बरोबर होत नाही. फासा मुळात एका बाजूला जड असेल, तर समतोल फाशाचे कोटी प्रयोगही त्याच्याविषयी अचूक वाटणारे, पण चुकीचेच उत्तर देतील.