चौदा वर्षांखालील : एका नियमाची कुळकथा

लहान पोरांना खेळात कसं घ्यायचं, हा प्रश्न कुठल्याही महासंघाच्या आधी आपल्याकडच्या पोरांनीच सोडवला होता. मोठी मुलं लगोरी किंवा लपंडाव मांडायला निघाली की शेपटासारखं मागे लागणारं धाकटं भावंड ती 'लिंबूटिंबू' म्हणून घेत. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही. तो बाद होत नाही. त्याच्या पाठीत चेंडू जोरात हाणायचा नाही. पण तो पळतो, ओरडतो, दमतो आणि बघता बघता खेळ शिकतो. महाराष्ट्रातला वयोगटाचा सगळ्यात जुना नियम हाच असावा. त्याला जन्मदाखला लागत नव्हता, कारण लिंबूटिंबू कोण हे सगळ्यांना दिसत होतं.

खेळाची स्पर्धा झाली, स्पर्धेला ढाल आणि चषक आले, परगावचे संघ येऊ लागले, तशी ही नजर अपुरी पडली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने या देशी खेळांना एकसारखी नियमावली दिली. पोराटोरांसाठी वेगळी मोजपट्टी या मंडळींना लागलीच. ती त्यांनी मातीतून उचलली. तालमीत वय कोण विचारतो? तिथे जोड लावतात ती अंग बघून. कबड्डीने तेच तत्त्व घेतलं आणि वजनाचा काटा मैदानात आणला.

आजही किशोर गटाला वयाची अट १६ वर्षांची, पण तिच्या जोडीला ५५ किलोची अट आहेच. कुमार गटात २० वर्षं आणि मुलांना ७० किलो, मुलींना ६५. इतकंच काय, मोठ्या पुरुषांनाही ८५ किलोची मर्यादा आहे. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात भाताची झोडणी आटोपली की कबड्डीचे सामने सुरू होतात. किशोर गटाच्या सामन्याआधी काट्याजवळ काय चालतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. साडेपंचावन्न भरलेला पोरगा अंगावर दोन स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या मारत असतो. दुसऱ्याने सकाळपासून पाणी तोंडाला लावलेलं नसतं. तो काट्यावर चढतो, श्वास रोखतो, जणू हवा कमी घेतली तर काटा खाली येईल. पंचाने मान डोलावली की उडी मारून उतरतो आणि पहिला हात घालतो तो पाण्याच्या कळशीला. हे वाईट आहे. वाढत्या अंगाला उपाशी ठेवून संघात बसवणाऱ्या मार्गदर्शकांचा मला राग येतो. तरीही या काट्याची एक गोष्ट मान्य करायला हवी : त्याला कागद लागत नाही.

खो-खोने याच्याही पुढची युक्ती काढली होती. वय वर्षांत, उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये घेऊन तिन्हींची बेरीज करायची आणि त्या बेरजेवर गट ठरवायचा. तेरा वर्षांची, १४० सेंटिमीटर उंचीची, ३५ किलोची मुलगी म्हणजे १८८. या बेरजेला शास्त्रीय आधार काय, असं कुणी विचारेल. पण तिच्यामागचं शहाणपण पक्कं होतं. वय एकटं खोटं बोलू शकतं, उंची आणि वजन सोबत असली तर त्याला तितकंसं खोटं बोलता येत नाही. न्यूझीलंडमध्ये शाळकरी रग्बीत वजनाचे गट चालत आले आहेत, तेही याच विचाराने.

काट्याच्या या घराण्यापासून वेगळं दुसरं घराणं आहे ते शाळेच्या दाखल्याचं. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये मोठ्यांसाठी हॅरिस शिल्ड आणि धाकट्यांसाठी जाईल्स शिल्ड अशी वाटणी झाली. १९५४ मध्ये भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला आणि कालांतराने १४, १७ आणि १९ वर्षांखालील हे तीन गट देशभरच्या शाळांत रुळले. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी त्यांच्यावरच उभी आहे. शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पातल्या आश्रमशाळांच्या स्पर्धाही याच तीन गटांत होतात. फुटबॉलमध्ये हा ओघ बाहेरून आला. १९४८ मध्ये लंडनला युरोपातल्या कुमार संघांची स्पर्धा भरली, १९५९ मध्ये क्वालालंपूरला आशियाई युवा स्पर्धा. या आशियाई स्पर्धेत १९७४ साली बँकॉकला भारत आणि इराण संयुक्त विजेते ठरले होते. आपल्या फुटबॉलप्रेमींतही हे फार थोड्यांना आठवतं. १९७७ मध्ये युवा विश्वचषक आला, १९८५ मध्ये १६ वर्षांखालचा. तो १९९१ पासून १७ वर्षांखालील झाला. हे सगळे एक गोष्ट धरून चालले : प्रत्येक मुलाला आपली जन्मतारीख असते.

इथे आपल्या शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांची गोष्ट सुरू होते. किन्हवली-डोळखांबकडच्या किंवा टोकावड्यापलीकडच्या शाळेचं कुठलंही जुनं जनरल रजिस्टर उघडा. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून, एक जून, एक जून. जून म्हणजे शाळा उघडण्याचा महिना. पोर घेऊन आलेल्या आईला गुरुजींनी विचारावं, "कधीचं गं हे?" आणि तिने सांगावं, "भात झोडायला काढलं होतं तव्हाचं" किंवा "म्हशाच्या जत्रंच्या आधीचं." जत्रा दरवर्षी भरते आणि भात दरवर्षी झोडलं जातं. गुरुजी पोराकडे पाहत, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघत आणि पहिलीत बसेल असं वर्ष धरून एक जून लिहीत. त्यात लबाडी नव्हती. पोर शाळेत यावं एवढीच त्यांची इच्छा होती. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर जन्मलेल्या लेकराची नोंद कुठल्या ग्रामपंचायतीत व्हायची? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, पण कायदा भट्टीपर्यंत पोचायला अनेक दशकं गेली.

वय चोरण्याची चर्चा निघाली की सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात : मिसरूड फुटलेला पोरगा चौदाखाली खेळतो. असं होतं, आणि का होतं तेही उघड आहे. खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्राची किंमत वाढली की वयाची किंमत वाढते. पण एक जूनची चूक दुसऱ्या दिशेलाही होते, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. पोर लवकर शाळेत बसावं म्हणून गुरुजींनी वर्ष मागे ढकललं असेल, तर खऱ्या तेरा वर्षांची मुलगी कागदावर पंधराची होते आणि सतराखालच्या गटात अंगाने दीडपट मुलींसमोर उभी राहते. तिने तक्रार कुणाकडे करायची? तिच्या विरुद्ध कुणी आक्षेप घेत नाही, म्हणून तिची फाइलच उघडत नाही.

जगातही कागदावरचा विश्वास असाच उडाला. १९८८ मध्ये मेक्सिकोने युवा स्पर्धेच्या पात्रता फेरीत जास्त वयाचे खेळाडू उतरवले. ते उघडकीस आलं आणि देशावर दोन वर्षांची बंदी आली. १९९० च्या विश्वचषकाला मेक्सिकोचा मोठा संघही मुकला. मग डॉक्टरांनी मनगट बघायला सुरुवात केली. पंज्याजवळ हाताच्या हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती वयाबरोबर भरून येत हाडाशी एकजीव होते. एमआरआयमध्ये ती पूर्ण जुळलेली दिसली, तर तो मुलगा सतरा वर्षांखालचा असण्याची शक्यता अगदी थोडी. २००९ च्या नायजेरियातल्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून फुटबॉलने ही तपासणी स्वीकारली. आपल्या क्रिकेटमध्येही हाडांच्या चाचणीने गट ठरतात. म्हणजे फिरून गोष्ट अंगावरच आली. काट्याने जे ओळखलं होतं, तेच आता यंत्र मनगटात वाचतं.

२०१७ मध्ये हा सगळा पसारा ठाणे जिल्ह्यातच आला. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच त्यात प्रवेश होता. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळांत फुटबॉल वाटून दहा लाख मुलांना खेळवण्याचा कार्यक्रम झाला. २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामनाही नेरूळलाच झाला, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. शाळांच्या कपाटांत चेंडू आले ते चांगलंच झालं. पण बहुतेक ठिकाणी तो मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू होता, आणि मला खरं बोलायचं आहे ते याच्यावर.

वयोगटाचा नियम दोन कामं करतो. एक, कोण कुणाशी खेळेल ते ठरवतो. दुसरं, त्या वयाला खेळ कसा बेतायचा ते ठरवतो. पहिल्या कामावर आपण सगळी शक्ती घालवली आणि दुसरं विसरलो. खरं तर कबड्डीने ते कधीच केलं होतं. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, किशोरांचं १२ बाय ८. पुरुषांचे डाव वीस-वीस मिनिटांचे, किशोरांचे पंधरा-पंधरा. चढाई करणाऱ्या पोराला ओलांडायची निदान रेषाही त्याच्या पावलांच्या बेताने जवळ आणलेली असते. फुटबॉलच्या नियमावलीतही लहानांसाठी मैदान, चेंडू, गोल, वेळ आणि बदली खेळाडू यांत फेरफार करायला मोकळीक आहे. इंग्लंडने २०१२ मध्ये ती पद्धतशीर वापरली : आठ वर्षांखालच्यांना पाच-पाच, दहाखालच्यांना सात-सात, बाराखालच्यांना नऊ-नऊ. अमेरिकेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला बंदी घातली, मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांमुळे. आपल्या फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी 'गोल्डन बेबी लीग' सुरू केली, तीही याच वाटेने.

पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. अकरा वर्षांची मुलगी त्यात गोलरक्षक म्हणून उभी राहिली की हात वर करूनही आडव्या दांड्यापासून कितीतरी खाली राहते. मग समोरच्या संघातला थोराड मुलगा एकच गोष्ट शिकतो : लांबून उंच मारा. बाकीचे अठरा-वीस जण चेंडूमागे थव्याने धावतात आणि अर्ध्या तासात निम्म्यांच्या पायाला चेंडू लागलेला नसतो. हा खेळ कुणाला आवडावा?

हीच मुलं घरी कशी खेळतात ते बघा. भात कापून झालं की खाचर मोकळं होतं. बांध हीच सीमारेषा. चपलांच्या दोन जोड्यांचा गोल, तोही त्यांच्या चार-पाच पावलांचा. खाचर लहान म्हणून संघ पाच-सात जणांचे. उंच मारलेला चेंडू शेजारच्या शेतात जाऊन पडतो आणि आणायला स्वतःलाच पळावं लागतं, म्हणून चेंडू जमिनीलगत ठेवायची सवय आपोआप लागते. प्रत्येकाच्या पायाला तो सारखा येत राहतो. इंग्रजांनी समिती नेमून, मतदान घेऊन जे मैदान ठरवलं, ते माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी दर डिसेंबरात तयार असतं.

शहापूर-मुरबाडच्या क्रीडाशिक्षकांना आणि गावोगावच्या मंडळांना म्हणूनच एक विनंती आहे. येत्या हंगामात बारा वर्षांखालच्यांचे सामने अर्ध्या मैदानात, सात-सात जणांत आणि चार नंबरच्या चेंडूने घ्या. तो साडेतीनशे-पावणेचारशे ग्रॅमचा असतो, पाच नंबरचा सव्वाचारशेच्या आसपास. बारीक पायाला तेवढा फरक कळतो. गोल बांबूचे करा, पण लहान करा. बदली खेळाडूला परत आत यायला मोकळीक ठेवा, म्हणजे कुणीही पूर्ण सामना बाकावर बसणार नाही. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आणि ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांना : १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा आहे. भट्टीवर जायच्या आधी तो ग्रामपंचायतीतून किंवा दवाखान्यातून हातात घ्या.