क्लॅरिनेट कुणाकडे शिकायचं?

मीरा-भाईंदरमध्ये गिटार, कीबोर्ड, तबला, कथक यांच्या क्लासना तोटा नाही. क्लॅरिनेटची शिकवणी मात्र शोधावी लागते. सापडलीच तर जाहिरातीत हमखास एक ओळ असते: सर्व वयोगटांसाठी, नवशिक्यांपासून पुढच्या सगळ्यांसाठी. आपण ती वाचून सोडून देतो. पण या वाद्याचा आपल्याकडचा इतिहास पाहिला तर ही ओळ चांगलीच मोठी आहे. कारण बराच काळ क्लॅरिनेट कुणाच्या हातात पडणार हे आवडीवर नव्हे, तर बहुतेक वेळा घरावर, जातीवर आणि धर्मावर ठरायचं.

आधी वाद्याबद्दल. क्लॅरिनेटचं श्रेय साधारणपणे न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरला दिलं जातं. इसवी सन १७०० च्या आसपास त्याने जुनं शालुमो हे वाद्य सुधारून ते बनवलं. म्हणजे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि आपल्या उत्तन-डोंगरीकडच्या धारावी बेटावरून पोर्तुगीज गेले, तेव्हा क्लॅरिनेट जेमतेम चाळीस वर्षांचं पोर होतं. तेव्हा "चर्च आहे म्हणजे पोर्तुगीजांनीच आणलं असणार" हा आपला ठरलेला तर्क इथे चालत नाही. पोर्तुगीजांनी आणलं ते चर्चचं गाणं. क्लॅरिनेट आपल्याकडे रुजवलं ते मुख्यतः इंग्रजांच्या लष्करी बँडने.

पलटणींचं पाहून राजेरजवाड्यांनाही आपापले बँड हवेसे वाटले. यात आपली मराठी मंडळी मागे नव्हती. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी भोसल्यांच्या दरबारात (१७९८ ते १८३२) पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. पुढे एकोणिसाव्या शतकात तिकडच्या नाचाच्या साथीत मुखवीणेच्या जागी क्लॅरिनेट आलं आणि हळूहळू कर्नाटक संगीतातच मुरलं. ए. के. सी. नटराजन यांना २०२२ मध्ये याच वाद्यासाठी पद्मश्री मिळाली.

आता परत आपल्या बाजूला येऊ. इथे क्लॅरिनेट शिकण्याच्या वाटा मुख्यतः तीन.

पहिली चर्चची. गोव्यात पॅरिशच्या शाळेत 'मेस्त्र' गावातल्या पोरांना स्वरलिपी शिकवायचा. उद्देश साधा होता, रविवारच्या प्रार्थनेला आणि फेस्ताला गाणारे-वाजवणारे हवेत. यातूनच स्वरलिपी घडाघडा वाचणारे गोवेकर वादक तयार झाले आणि मुंबईच्या बँडमध्ये, हॉटेलांत, पुढे स्टुडिओत पोचले. उत्तन, डोंगरी, गोराईकडचा ख्रिस्ती समाज गोवेकर नव्हे, तो मूळचा इथलाच, मराठी बोलणारा. 'ईस्ट इंडियन' हे नाव या समाजाने घेतलं १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी. पण ब्रास बँड त्यांच्याही आयुष्यात घट्ट बसला. लग्नाआधी 'उंबराचं पाणी' आणायला निघतात ते बँड लावूनच.

दुसरी वाट लग्नाच्या बँडची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वरातीत सनईच्या बरोबरीने, मग तिच्या जागी, बँड आला. बँडवाल्यांच्या तोंडी हे वाद्य 'क्लॅरोनेट'. पिढ्यान् पिढ्या वाजंत्रीचं काम करणाऱ्या घरांतली मुलं इथे वळली. फी वगैरे प्रकार नव्हता. पोरगं आधी खुळखुळा किंवा झांज घेऊन चालायचं, वर्ष-दोन वर्षांत चाली कानात बसायच्या, मग एखादा काका हातात जुनं वाद्य द्यायचा. सराव कुठे? रस्त्यावर, भर वरातीत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने 'ब्रास बाजा' (२००५) या पुस्तकात या जगाची तपशीलवार नोंद केली आहे. यातली बोचणारी गोष्ट अशी, की ज्याच्या वाजवण्याशिवाय वरात हलत नाही त्या माणसाला मांडवात मान नसतो. तेच वाद्य कोट घालून सभागृहात वाजवलं की कलाकार, झालरीचा लाल डगला घालून वाजवलं की 'बँडवाला'.

तिसरी वाट फिल्म स्टुडिओची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवायचे. प्यारेलाल त्यांचे शिष्य आणि 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधलं ते सुप्रसिद्ध गाणं ही गुरूला दिलेली सलामी. सॅक्सोफोन, बासरी आणि क्लॅरिनेट वाजवणारे मनोहारी सिंग कलकत्त्याहून मुंबईला आले १९५८ मध्ये. त्यांची सुरुवातही बँडमधलीच. म्हणजे रस्ता आणि स्टुडिओ यांच्यात एक जिना होता. १९९० च्या दशकात सिंथेसायझरने मोठे वाद्यवृंद संपवले आणि तो जिनाही गेला.

तिन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असायचं की आपण कुठे आणि कुणाबरोबर वाजवणार. शिकणं आणि वाजवणं वेगळं नव्हतंच. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर ट्रेनिंग :)

खासगी शिकवणीने यातला वाईट भाग तोडला, आणि हे छोटं काम नाही. वरातीच्या बँडमध्ये मुलींना जागा नव्हती, शिकवणीत आहे. चाळिशीतल्या बँक अधिकाऱ्याला कुठल्या बँडमास्तरने उभं केलं असतं? मुलांच्या बाबतीत एवढंच, की दुधाचे पुढचे दात पडून नवे यावेत आणि बोटांनी भोकं पुरती झाकली जावीत. मोठ्यांना तीही अट नाही.

शिक्षक मात्र लागतोच, कारण वाद्य चकवा देणारं आहे. बासरीत त्याच बोटांनी जोरात फुंकलं की वरचा सा मिळतो. क्लॅरिनेटमध्ये वरची कळ दाबली की सूर सप्तकभर नव्हे, सप्तकाच्याही वर पंचमापर्यंत उडी मारतो. म्हणजे सा ची बोटं वर गेल्यावर प ची होतात! त्यात नेहमीचं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं, म्हणजे पाश्चात्त्य कागदावर सा समजून जो सी वाजवाल तो हार्मोनियमवर काळी पाच निघतो. घरच्या पेटीशी जुळवायला गेलेला नवशिका इथेच वेडा होतो. हे कुणीतरी शेजारी बसून समजवावं लागतं.

पण तोडताना चांगला भागही तुटला. बँडच्या जागी आज पहिली ते आठवी अशा ग्रेडच्या परीक्षा आहेत. त्याने शिस्त येते, सोबत येत नाही. २००६ मध्ये एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हा बरेचसे वादक परदेशातून आणावे लागले. ज्या शहराने अर्धं शतक सिनेमाला वादक पुरवले त्याच शहराची ही गोष्ट आहे. माझ्या मते यात क्लास कमी असण्यापेक्षा, एकत्र वाजवण्याच्या जागा आटल्या हे कारण मोठं आहे.

म्हणून कुणी क्लॅरिनेट शिकायचं मनावर घेतलं असेल तर फी आणि वेळ विचारून झाल्यावर शिक्षकांना आणखी एक प्रश्न जरूर विचारा: सहा महिन्यांनी मी कुणाबरोबर वाजवणार? दुसरा एखादा विद्यार्थी असो, चर्चचा क्वायर असो, सोसायटीच्या गणपतीतली पेटी-तबल्याची जोडी असो. आणि पुढच्या लग्नसराईत वरात खिडकीखालून जाईल तेव्हा कान बंद करण्याआधी मिनिटभर ऐका. काळ्या नळीतून चाल ओढत नेणारा तो माणूस या वाद्याच्या सगळ्यात जुन्या शाळेत शिकलेला असतो. जमलं तर खाली जाऊन त्याला विचारा, तो कुणाकडे शिकला.