मोडशी, देवी आणि ‘निगेटिव्ह’

आगाशीची माझी मावशी चौथीपर्यंत शिकलेली. वाडीतल्या केळीच्या घडांचा हिशेब तोंडपाठ, पोथी खणखणीत वाचायची. काही वर्षांपूर्वी तिला क्षय झाला. औषध सुरू झालं आणि दोन महिन्यांनी बेडका तपासला. रिपोर्ट आला ‘निगेटिव्ह’. मी भेटायला गेलो तर ती खुशीत होती. म्हणाली, “अरे, गेला एकदाचा तो रोग! कागदावरच लिहिलंय.” भूक लागत होती, खोकला थांबला होता. तिनं गोळ्या बंद केल्या.

बेडक्यात जंतू दिसत नाहीत एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. शरीरात लपलेले जंतू मारायला आणखी चार महिने औषध घ्यायचं होतं. तिला ‘कोर्स पुरा करा’ असं सांगितलंही होतं. पण ‘कोर्स’ म्हणजे हातातलं पाकीट संपेपर्यंत, अशी तिची समजूत. पुढच्या पावसाळ्यात रोग उलटला. दुसऱ्या खेपेला औषध अधिक लांबलं. मावशी वाचली, पण विहिरीपासून ओटीपर्यंत येताना तिला धाप लागू लागली ती कायमचीच. आणि तो रिपोर्ट मीही वाचला होता. जन्मभर इतिहास शिकवलेला मी, तिच्याबरोबर मीही खूश झालो होतो.

तेव्हापासून एका प्रश्नानं माझा पाठपुरावा केला. डॉक्टर सांगतो ते रोग्यापर्यंत पोहोचतं कसं, आणि वाटेत हरवतं कुठं? आमच्या किनाऱ्याच्या इतिहासात याची उत्तरं विखुरलेली सापडतात.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. वसईच्या हद्दीतलं मुंबई बेट पुढे त्याला खंडानं मिळालं होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा औषधींवरचा ग्रंथ म्हणजे दोन वैद्यांमधला संवाद आहे. पटकीच्या रोगाबद्दल लिहिताना इथले लोक त्याला काय म्हणतात, हेही त्यानं नोंदवलं. तो शब्द म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचं ‘मोर्देशी’ केलं आणि फ्रेंचांच्या तोंडी त्याचं ‘मोर द शियाँ’ झालं. फ्रेंच भाषेत याचा अर्थ कुत्र्याचं मरण! पोट मोडलं हे सांगणारा साधा मराठी शब्द परक्या कानांत शिरला आणि भलताच भयंकर अर्थ घेऊन बाहेर पडला. मावशीच्या ‘निगेटिव्ह’चा प्रवास याच्या उलट दिशेनं झाला, एवढंच.

इतिहासाच्या पुस्तकात १८०२ म्हटलं की आपल्याला ३१ डिसेंबरचा वसईचा तह आठवतो. पण त्याच वर्षी १४ जूनला मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. बगदाद, बसरा या मार्गानं आलेली ही लस हिंदुस्थानात यशस्वी झाली ती प्रथम तिच्या दंडावर. तिच्या फोडातली लस इतर मुलांना दिली गेली आणि तिथून ती पुणे, सुरत, मद्रासकडे गेली. ज्या रोगाला लोक देवीचं येणं मानत, त्यावर ही सुई. मराठीनं यातून आपली वाट काढली. रोग आला तर ‘देवी आल्या’, लस टोचली तर ‘देवी काढल्या’. नवी गोष्ट ओळखीच्या शब्दाचं बोट धरून माजघरात शिरली.

हे मोल काही जाणत्यांना उमगलंही होतं. मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली. जॉन मॅक्लेनन यांनी तिच्यासाठी मराठीत पुस्तकं तयार केली. सरकारनं ती १८३२ मध्ये बंद केली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं ते इंग्रजीतून. त्यानं उत्तम डॉक्टर दिले यात शंका नाही. पण डॉक्टरचं शिक्षण एका भाषेत आणि रोग्याचं दुखणं दुसऱ्या भाषेत, ही फारकत तिथून पक्की झाली.

तिची किंमत १८९६ च्या प्लेगात कळली. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. मग घरझडत्या आल्या, रोग्यांना उचलून नेणं आलं. का नेतात, तिथं काय करतात, हे समजावून सांगणारं कोणी नव्हतं. इस्पितळात माणसं मारतात अशा अफवा उठल्या. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा जमाव ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. लोक मुंबई सोडून पळू लागले. गुजरातकडची रेल्वे तेव्हाही आमच्या वसईवरूनच जात होती. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. शंभर हुकुमांनी जे साधत नाही, ते अशा एका कृतीनं साधू शकतं. पण बिघडलेला विश्वास लवकर परत येत नाही.

याच्या नेमकं उलट चित्र माझ्या पिढीनं पाहिलं. सत्तरच्या दशकात भिंतीभिंतीवर गेरूनं लिहिलेलं असे की देवीचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा. पुढे ते बक्षीस हजार रुपयांवर गेलं. वाक्य लहान, मराठी सोपी, काय करायचं ते स्पष्ट. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. त्या यशात लसीबरोबर त्या भिंतींचाही वाटा आहे.

आता कायदाही रोग्याच्या बाजूनं बोलतो. रोग काय, उपचार कोणता, त्याला पर्याय काय, धोका किती, हे पुरेसं सांगितल्यानंतरची संमती हीच खरी संमती, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात म्हटलं. वसई-विरारमध्ये मराठी आहे, वाडवळी, कादोडी आहे, हिंदी, गुजराती आहे, पाड्यांवर वारली आहे. बाहेर पन्नास माणसांची रांग लागलेली असते. डॉक्टरनं किती समजावायचं, हा प्रश्नही खोटा नाही.

त्यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला आपण सगळेच मान डोलावतो. त्याऐवजी डॉक्टरांनी विचारावं, ‘घरी गेल्यावर हे औषध कसं घ्याल, मला सांगा बरं.’ आणि त्यांनी नाही विचारलं, तर आपणच म्हणावं, ‘डॉक्टर, मला काय कळलं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा.’ यात लाज कसली? शाळेत आम्ही धडा शिकवून झाला की मुलाला उभं करून विचारत होतो, ते याचसाठी.

त्या दिवशी आगाशीच्या ओटीवर मी मावशीला एवढंच विचारायला हवं होतं, “अगं, निगेटिव्ह म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगितलं का तुला?” एका प्रश्नाचं काम होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)